पान नऊशे एक

"हा आवाज नव्या रचनेत चालणार नाही. पुढे जायचे? हो, बटण. नाही, बटण."

मंगळवारी सव्वाअकराला ठोकळेनं हे सांगितलं तेव्हा संघमित्राचा हात चहाच्या ग्लासाकडे निम्म्या वाटेवर होता. तो तिथंच राहिला. ठोकळे म्हणजे तिच्या संगणकातला वाचणारा आवाज. पडद्यावर जे उमटेल ते तो तिच्या हेडफोनमध्ये वाचतो. एकोणीस वर्षं वाचत आलाय. आणि इतक्या वेगानं वाचतो की बाहेरच्या माणसाला तापल्या तेलात मोहरी तडतडल्यासारखं ऐकू येतं, तिला मात्र त्यातला एकेक दाणा वेगळा कळतो. आज तिनं कधी नव्हे ते त्याचा वेग खाली आणला. खाली, आणखी खाली, पहिलीतल्या पोराइतका. पुन्हा वाचायला लावलं. हा. आवाज. नव्या. रचनेत. चालणार. नाही. 'हा आवाज' म्हणजे कोण, याचा त्याला पत्ताच नव्हता. स्वतःच्या निरोपाची नोटीस त्यानं विजेच्या बिलासारखी वाचली. काय माणूस आहे, असं तिच्या मनात आलं, आणि मग तिला हसू आलं, कारण हे वाक्यसुद्धा तिच्या मनात ठोकळेच्याच आवाजात आलं होतं.

"नोटीस आली ना ताई?" टेबलापलीकडून विशालनं विचारलं. विशाल ऑफिसचे संगणक बघायचा. महिन्यातून दोनदा यायचा, आणि तो आला की बॅगेतल्या वायरींचा रबरी वास आधी यायचा.

"आली. माझ्याच माणसानं बजावली मला."

"तीन मशीन केली मी चौसष्ट बिटवर. श्वेताचं बघा, काय झकास पळतंय. तुमचंच राहिलंय. तुमची सिस्टिम पडली बत्तीस बिटची, तिला तीन-साडेतीन जीबीच्या पुढची मेमरी दिसतच नाही. सोळा टाकून ठेवलीय मी आत, उपयोग शून्य. आंधळाच कारभार आहे सा..." विशालच्या खुर्चीचं चाक करकरलं. "सॉरी ताई."

"मला कशाला? मशीनला म्हण."

शेजारच्या टेबलावरून श्वेता फस्सकन हसली. संघमित्रानं आता ग्लास उचलला. चहावर साय आली होती.

"आणि ठोकळे?"

"तो पण बत्तीस बिटचाच. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. नव्यावर चढतच नाही, दोनदा ट्राय केलं. पण नवीन आवाज ऐका ना ताई, श्वेताच्या मशीनवर टाकलाय, एकदम बाई बोलतेय असं वाटतं. मधे मधे श्वासपण घेते."

"श्वास? तिला फुप्फुसं आहेत?"

रिकामी ओळ, ठोकळे म्हणाला. कर्सर कुठंतरी सरकला होता.

इरावती मॅडमचं वकिलीचं ऑफिस दिंडोशीच्या कोर्टापासून चालत सात मिनिटांवर, एका कॉलनीच्या तळमजल्यावर. बाहेर झेरॉक्सवाला, त्याच्या मशीनचा गरम कागदी वास दिवसभर खिडकीतून आत. संघमित्रा इथं चौदा वर्षं होती आणि ऑफिसात एक रीत तिच्यामुळे पडली होती. दाव्याचं बाड, म्हणजे अर्ज, पुरावे, याद्या, पावत्या असा शेकडो पानांचा भारा, कोर्टात जाण्याआधी ते तिनं पहिल्या पानापासून अखेरपर्यंत ऐकायचं. डोळेवाले पानं चाळतात. चाळताना डोळा ओळखीच्या शब्दांवरून घसरतो. कानाला चाळता येत नाही. ऐकून झालं की ती शेवटच्या पानावर एक छोटा शिक्का मारायची, 'सं.' एवढाच, आणि तो शिक्का दिसला की मॅडम वाचत बसत नसत, सही करत. मॅडम एकदा दुसऱ्या वकिलाला फोनवर म्हणाल्या होत्या, माझ्याकडे सं. आहे, तुमच्याकडे कोण आहे? ते वाक्य संघमित्रानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण जपून ठेवलं होतं. कामात आपला हात धरणारं कुणी नाही, हे तिला माहीत होतं आणि त्याबद्दल खोटा संकोच बाळगायची तिला सवय नव्हती. चूक तिच्याकडून होत नसे. मागच्या शनिवारपर्यंत.

दार वाजलं. चपला. एक पाऊल घट्ट, एक ओढतं, आणि पिशवीत कागदाची सळसळ.

"बाय, माझा नाव खंय गेला?"

मालनबाई जोगेश्वरीच्या चाळीतल्या, खोली एकसष्ट. नवरा गिरणीत होता, आता नाही. चाळीच्या जागी इमारत उभी राहणार होती. ज्यांची नावं भाडेकरूंच्या यादीत, त्यांनाच तिथं घर. आणि बिल्डरनं केलेली यादी खोटी म्हणून एकशे बारा खोल्यांनी मिळून केलेला दावा गुरुवारी दाखल व्हायचा होता. बाडाची एक प्रत काल चाळीच्या कमिटीला दिली होती. कमिटीनं ती पिशवीत घालून ठेवली. मालनबाईंनी घरी नेऊन यादीवर बोट ठेवून एकेक खोली मोजली.

"सत्तावनानंतर एकदम एकोणसत्तर. मधली अकरा घरां काय दर्यात गेली?"

"असं कसं होईल मावशी? मी स्वतः ऐकलंय. तुमचं नाव ऐकलंय मी."

"तू आयकलंस गो. पन कागदात नाय."

श्वेतानं मालनबाईंच्या हातातून प्रत घेतली. पानं उलटण्याचा आवाज, मग थांबला. "मित्रा," ती हळूच म्हणाली, "नऊशेनंतर नऊशे दोन आहे गं."

मग तिला शनिवार आठवला, आणि तो आठवायला क्षणही लागला नाही, जणू बोटांना आधीपासूनच माहीत होतं. अकराशे चाळीस पानांचं बाड तिच्या मशीनवर एकसंध उघडत नसे. साडेतीनशे पानांच्या पुढे गेलं की मशीन गोठायचं, ठोकळे अर्ध्या शब्दात अडकायचा. म्हणून तिनं आणि श्वेतानं युक्ती काढली होती. बाडाचे तीनतीनशे पानांचे भाग पाडायचे. कुठला भाग कुठला हे कळावं म्हणून श्वेता प्रत्येक भागाच्या डोक्यावर एक पाटी-पान लावायची, नुसतं 'भाग दोन', 'भाग तीन'. संघमित्रा ते भाग ऐकायची, मग प्रत्येकाचं पहिलं पान काढून टाकायची आणि सगळे एकाला एक जोडायची. सहा वर्षं हे असं चाललं होतं, इतकं अंगवळणी की बोटं आपोआप करत. शुक्रवारी श्वेतानं तीन भाग करून दिले आणि मामेबहिणीच्या हळदीला कणकवलीला गेली. चौथा भाग शनिवारी संघमित्रानं स्वतः पाडला. पाटी लावली नाही. आपल्यालाच तर ऐकायचंय, कशाला. ऐकला. पहिल्याच पानावर मालनबाईंचं नाव होतं, खोली अठ्ठावन्न ते अडुसष्ट. सगळं बरोबर. आणि मग जोडताना बोटांनी त्याचं पहिलं पान काढून टाकलं.

तिच्या कानानं चूक केली नव्हती. हाताला जे सवयीचं, ते हातानं केलं. पण याच्याही पलीकडे एक गोष्ट होती, आणि ती तिला आता, मालनबाई समोर उभ्या असताना, पिशवीचा प्लॅस्टिकचा कान बोटाभोवती गुंडाळत असताना कळली. जोडून झालेलं बाड तिनं कधीच ऐकलं नव्हतं. या वेळी नाही, सहा वर्षांत एकदाही नाही. ऐकणं शक्यच नव्हतं. तिचं मशीन ते उघडू शकत नव्हतं. भाग ऐकायची आणि शिक्का मारायची अखंडावर. कुणीच न ऐकलेल्या वस्तूवर 'सं.'

मॅडम आतून आल्या. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा टेबलावर ठेवल्याचा टक आवाज झाला. "बरं झालं आज कळलं. पान घालून टाक, उद्या सही करते."

"पान घालते. पण शिक्का काढा तिथून. अख्खं ऐकल्याशिवाय परत मारणार नाही."

"अगं, एक पान राहिलं, ते सापडलं."

"एक सापडलं, मॅडम."

मॅडमनी चष्मा परत उचलल्याचा आवाज आला. "उद्या संध्याकाळपर्यंत होईल?"

"होईल."

हे ती म्हणाली तेव्हा कुठल्या मशीनवर आणि कुणाच्या आवाजात, ते तिनं ठरवलं नव्हतं. ठोकळेबरोबर तेवढी पानं एका दिवसात झाली असती, पण तुकड्यांत. नव्या बाईबरोबर अखंड झाली असती, पण ती बाई श्वास घेत घेत वाचणार, चार दिवस. विशालनं निघताना हळूच विचारलं, "मग करू का ताई अपग्रेड?" ती म्हणाली, "हात लावू नकोस." प्रश्न पडद्यावर तसाच राहिला. पुढे जायचे?

घरी जाताना रिक्षात तिनं हेडफोन घातले नाहीत. हायवेला लागलं की रस्त्याचा आवाज रुंद होतो, पुलाखाली शिरलं की डोक्यावर झाकण पडतं, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. जोगेश्वरीचं वळण तर ती नाकानं ओळखायची, कोपऱ्यावरच्या वेफर्सवाल्याच्या तेलावरून. तिला आठवत होता तो कागद. सतराव्या वर्षी तिची नजर गेली, सहा महिन्यांत, कडेकडेनं, एखाद्या खोलीच्या खिडक्या कुणी एकामागून एक लावून घ्याव्यात तशी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एक कागद दिला होता, इंग्रजी, टाइप केलेला. बाबांनी तो तिला वाचून दाखवला: हळूहळू फरक पडेल, धीर धरा. तीन वर्षं ती तो कागद पर्समध्ये घेऊन फिरली. मग संगणकाचा वर्ग, तिथं एक स्कॅनर, आणि त्या दिवशी बसवलेला नवा आवाज. वर्गातल्या शकूनं त्याचं बारसं केलं. हा काय बोलतो गं, ठोकळ्यासारखा! तेव्हापासून तो ठोकळे. स्कॅनरमध्ये घालायला दुसरं काही नव्हतं म्हणून संघमित्रानं तो कागद घातला. ठोकळेनं तिला वाचून दाखवलेलं हे पहिलं पान. दोन्ही डोळे. सुधारणेची शक्यता नाही. पूर्णविराम. पुढची भेट, गरज नाही. पूर्णविराम. खाली डॉक्टरांचं नाव. आवाज कुठंही खाली आला नाही, घशात अडला नाही. ती रडली नाही. तिला आठवतं ते वेगळंच, एक हलकेपण, की चला, एक तरी जण आहे. त्या दिवसापासून दुसऱ्याच्या आवाजातली माया तिला कागदावरच्या डागासारखी वाटू लागली. तिच्याखाली काय लिहिलंय ते बघावंसं वाटायचं. आणि आता ती ज्या बाईकडे जाणार होती, ती श्वास घेत होती.

बाबा जिन्यातच उभे होते. जालन्याहून येऊन चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर काढलेल्या माणसाला रिकामा वेळ उभ्यानंच घालवता येतो. चौऱ्याहत्तर झाली तरी रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवायचा त्यांचा नेम होता. तिला फोनवर सगळे पेपर ऐकता येतात, हे त्यांना माहीत होतं. नेम तरी होता.

"बाबा," चहा झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही वाचताना गाळता ना?"

"गाळतो कशाला? नको असलं की पान उलटतो."

"म्हणजे गाळताच."

"आता तू वकिलाकडे कामाला, तुझ्याशी काय बोलणार." पेपराची घडी पडली. खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकरची शिट्टी काढली. "तो डॉक्टरचा कागद म्हणतेस ना?"

ती चमकली. "तुम्हाला कधी कळलं, मला कळलंय ते?"

"त्याच दिवशी. घरी आलीस आणि पर्स टाकलीस ती नुसती. त्याआधी तीन वर्षं उशाशी घ्यायचीस."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलू? तुला खरं सांगणारा कुणीतरी भेटला होता. मी मोकळा झालो." बाबांनी नाक ओढलं. "मला जमत नव्हतं, मित्रा. त्यानं केलं. कोण होता तो?"

"ठोकळे."

"भला माणूस," बाबा म्हणाले.

भला माणूस. त्या रात्री कूस बदलताना हे दोन शब्द तिच्या डोक्यात ठोकळेच्याच सुरात फिरत राहिले आणि त्या सुरात पहिल्यांदा तिला एक फट ऐकू आली. बाबांनी दयेपोटी पान उलटलं होतं. ठोकळेच्या पोटात दयाही नव्हती आणि जागाही नव्हती. जेवढं मावलं तेवढं त्यानं खरं वाचलं, आणि जे मावलं नाही ते न मावल्याचंही त्यानं कधी सांगितलं नाही. मालनबाई त्याच फटीतून पडल्या असत्या. आणि तिचं काय? ती तर त्या आवाजात विचार करत होती. तिच्या विचारालाही तीनशे पानांनंतर पाटी लागत असेल का, आणि बोटं ती काढून टाकत असतील का, न विचारता? ही भीती नवी होती. तिनं ती जराशी चाचपून पाहिली, कडा कुठं आहेत, वजन किती आहे. पेलवणारी होती. मग ती झोपली.

बुधवारी सकाळी साडेनऊला तिनं श्वेताला उठवलं तिच्या खुर्चीतून. "सरक. आज तुझं मशीन माझं."

"आणि मी?"

"तू माझ्यावर बस. ठोकळेला त्रास देऊ नकोस, पडद्यावरचा प्रश्न तसाच ठेव."

गळलेलं पान घालून जोडलेलं बाड उघडलं. अकराशे चाळीस पानं, एका दमात, गोठणं नाही, अडकणं नाही. एखाद्या अंधाऱ्या जिन्यात पुढची पायरी असेल म्हणून पाय उचलावा आणि मोठा सपाट हॉल लागावा तसं तिला झालं. आणि मग ती बाई बोलू लागली. विशालचं खरं होतं. ती श्वास घेत होती. 'वादींची नम्र विनंती' म्हणताना नम्र होत होती. 'खोली रिकामी करण्याची धमकी' म्हणताना तिचा गळा किंचित भरून येत होता. पाचव्या पानापर्यंत संघमित्राच्या मानेचे स्नायू ताठले. दहाव्या पानावर तिनं हेडफोन काढले.

"काय झालं?" श्वेता.

"सांत्वनाला आल्यासारखी वाचते गं. मेलंय कोण?"

"मग वेग वाढव ना. तूच म्हणतेस, मोहरी."

वेग. अर्थात. तिनं एक घर वर नेला. बाई घाईत आली. आणखी एक. श्वास गेला; घ्यायला जागाच उरली नाही. आणखी दोन, आणि नम्रता गेली, कारण नम्र व्हायलाही वेळ लागतो. इथं अक्षरं एकमेकांत कालवली, सगळं पाणी झालं, अडीच तास ती त्या पाण्यात हातपाय मारत राहिली, तेच पान तीनदा, चारदा, कानशिलं ठणकायला लागली, आणि साडेबाराला तिला क्षणभर वाटलं की नाही होणार, ठोकळेकडे जावं, भाग पाडावेत, या वेळी नीट पाट्या लावून. श्वेतानं डबा पुढे सरकवला. तिनं एक घास खाल्ला आणि वेग कमी करायच्या ऐवजी दोन घरं आणखी वर नेला. हे तिला कुणाला समजावून सांगता आलं नसतं. पोहायला शिकताना वडाळ्याच्या तलावात मास्तर म्हणाले होते, बुडतेस कारण हात हळू चालवतेस. झालं ते असं: बाई होणं गेलं. वय गेलं. गळा भरून येणं, समजूत काढणं, सगळं तेलात जळून गेलं आणि तळाशी नुसता शब्द राहिला, कोरडा, टणक, एकेक दाणा वेगळा. तो ठोकळेचा आवाज नव्हता. कुणाचाच नव्हता. तिनं ओळखलं की एकोणीस वर्षं ज्याला ती ठोकळे म्हणत होती, त्यातला निम्मा कोरडेपणा तिच्या कानाचा होता. तो कुठंही चढवता येत होता.

मग पानं पळाली. भाडेपावत्या, शपथपत्रं, एकोणीसशे एकाहत्तरची जुनी पावती जिच्यावर कुणीतरी पेन्सिलीनं 'पाणी सायंकाळी पाच' लिहिलं होतं, ती पेन्सिलसुद्धा. चारशे बारावर एक पावती दोनदा लागलेली सापडली. सहाशे सत्तरवर एका सहीखाली तारीख नव्हती. श्वेता लिहून घेत होती. तीन वाजता मालनबाई येऊन बाकावर बसल्या, काही विचारलं नाही, पिशवी मांडीवर. चारला नऊशे आलं. खोली छप्पन्न. खोली सत्तावन्न. संघमित्रानं वेग कमी केला नाही, पण टेबलाखाली तिच्या दोन्ही पायांची बोटं आखडली. नऊशे एक. खोली अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. मधे पाटी नाही, जोड नाही, उंबरा नाही.

"मावशी," ती मोठ्यांदा म्हणाली, "आलात तुम्ही."

"मी दुपारधरना हंयच आसय गो."

"कागदात म्हणतेय."

मालनबाईंनी नाक शिंकरलं. श्वेता म्हणाली, "ए, रडायचं नाही हां, अजून दोनशे चाळीस पानं आहेत."

सव्वापाचला शेवटचं पान संपलं. तिनं दोन दुरुस्त्या करून घेतल्या, त्या जागा पुन्हा ऐकल्या, आणि शिक्का मारला. मॅडमनी नेहमीसारखं न वाचता सहीला पेन उघडलं, तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, आजचा पहिला आहे."

"पहिला कसला?"

"सं."

मॅडमना कळलं की नाही, कोण जाणे. पेन कागदावर थोडा वेळ थांबलं आणि मग चाललं.

बाकीचे निघाले. विशाल दारात घुटमळत होता. आज बोलावलं नसताना आला होता. संघमित्रा आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. सीट श्वेतानं खाली केलं होतं, तिनं वर घेतलं. हेडफोन घातले. ठोकळेचा वेग कालपासून होता तसाच, पहिलीतल्या पोराचा. एखादं वाक्य बोलावं त्याच्याशी, असं तिला वाटलं, आणि तिच्या मनात वाक्य तयार व्हायला लागलं. ते कुणाच्या आवाजात येतंय याकडे तिनं कान लावला, पण तेवढ्यात ते येऊन गेलंसुद्धा.

तिनं बाणाची कळ दाबली, कर्सर उजवीकडे सरकला.

"नाही, बटण," ठोकळे म्हणाला.

तिनं तो परत डावीकडे आणला.

"हो, बटण."

नेहमीच्याच सुरात, विजेच्या बिलासारखं. तिनं ते एकदाच ऐकलं आणि कळ दाबली.